गावभागातील घराचे इंटरनेट आणि ईमेल : प्रकल्प नोंदी

३ मे २०२५

आजपासून या कामाची लेखी नोंद ठेवायचे ठरविले आहे. गेली दोन वर्षे लाईन बंद पडली की फोन करायचा आणि माणूस येऊन गेला की विसरून जायचे, असेच चालले आहे. त्यामुळे नक्की काय बिघडते आणि कशाने सुधारते हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. माझे मुद्रितशोधनाचे आणि अक्षरजुळणीचे काम वरच्या मजल्यावरील खोलीतून चालते. तयार पुस्तकाच्या पीडीएफ फायली मी सांगली-कोल्हापूरच्या छापखान्यांना ईमेलने पाठविते. बाबा निवृत्त आहेत आणि त्यांची पेन्शन, बँक, विमा व प्राप्तिकर यांचा सगळा पत्रव्यवहारही ईमेलवरच येतो. आम्हा दोघांचे ईमेल पत्ते २००९ साली लँडलाईनच्या ब्रॉडबँडबरोबर त्याच कंपनीने दिलेले आहेत.

आज सकाळी केबल थेट संगणकाला जोडून तीन वेळा वेग मोजला. डाउनलोड १.८ एमबीपीएस आणि अपलोड ०.४ एमबीपीएस भरला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची किमान डाउनलोड मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, म्हणजे आमच्या जोडणीला आता व्याख्येनेही ब्रॉडबँड म्हणता येणार नाही. माझी खरी अडचण मात्र अपलोडची आहे. जोडपत्र म्हणून घातलेली फाईल ईमेलमध्ये जशीच्या तशी जात नाही. तिच्या दर तीन बाइटची चार अक्षरे केली जातात, म्हणून १८ एमबीची फाईल वाटेत २४ एमबीची होते आणि ०.४ एमबीपीएसने ती जायला आठ मिनिटे लागतात. त्या आठ मिनिटांत लाईन एकदा जरी तुटली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. परवा एक दिवाळी अंकाचा जुना खंड पाठविताना हे चार वेळा घडले.

५ मे २०२५

आज चौकशीला बाहेर पडले. आमच्या गल्लीत सध्या चार पर्याय मिळतात. जुन्याच कंपनीची फायबर, आमच्या केबलवाल्यांमार्फत मिळणारी फायबर, एका मोठ्या खासगी कंपनीची फायबर आणि गच्चीवर डबा बसवून मोबाईलच्या जाळ्यावरून चालणारे बिनतारी इंटरनेट. जाहिरातीत सगळेच डाउनलोडचा वेग ठळक छापतात, म्हणून प्रत्येकाला मी अपलोडचा वेग वेगळा विचारला. तिन्ही फायबरवाल्यांनी दोन्हीकडे सारखा वेग सांगितला. बिनतारी डब्याचा अपलोड किती, हे विक्रेत्याने शेवटपर्यंत सांगितले नाही, तेव्हा तो पर्याय तिथेच सोडला.

दराबाबत एक गोष्ट लिहून ठेवते, कारण महिन्याच्या हिशेबात ती चुकते. ५९९ रुपयांचा प्लॅन म्हणून जे सांगतात त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे हातातून ७०६ रुपये ८२ पैसे जातात. तिन्ही कंपन्यांचे दर मी जीएसटी धरून एका कागदावर मांडले, तेव्हा फरक इतका थोडा राहिला की दरावरून निवड करण्याचे कारणच उरले नाही.

९ मे २०२५

निवड कशावरून करायची याचा विचार चार दिवस केला आणि तो अखेर पुराशी येऊन थांबला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरतात, यावरून ते पाणी काय होते हे सांगलीबाहेरच्या माणसालाही समजेल. आमच्या तळमजल्यावर पाणी होते. घर धुऊन निघाले, पण लँडलाईनची तांब्याची तार त्यानंतर कधीच पूर्ववत झाली नाही. सांध्यांत ओल राहते, तांबे हिरवे पडते, आवाजात खरखर येते आणि इंटरनेटचा वेग पडतो.

फायबरच्या तारेतून वीज नव्हे, प्रकाश जातो. कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत येताना एका तारेच्या आठ किंवा बत्तीस शाखा करणारे जे स्प्लिटर खांबावरील डब्यात असतात त्यांना वीज लागत नाही, म्हणून गल्लीतील वीज गेली तरी वाटेवर बंद पडण्यासारखे काही नसते. तरीही डबा पाण्यात बुडाला आणि त्यात गाळ शिरला तर सांधे खराब होतातच. म्हणून तिन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला, तुमचा डबा कोणत्या खांबावर आणि किती उंचीवर आहे, आणि २०१९ मध्ये तुमचे केंद्र कुठे होते?

मोठ्या कंपनीच्या माणसाला ते ठाऊक नव्हते, आणि त्याने ते विचारून सांगायचीही तयारी दाखविली नाही. जुन्या कंपनीच्या कार्यालयात अर्ज भरा म्हणाले. केबलवाले मात्र माझ्याबरोबर गल्लीत आले, टोकाच्या खांबावर साधारण बारा फुटांवर लावलेला डबा दाखविला आणि म्हणाले, "ताई, पुरात पहिला डबा खाली होता, तो गेला. नंतर सगळे वर घेतले. मशीन विश्रामबागला आहे, तिथे पाणी येत नाही." मी केबलवाल्यांची फायबर घ्यायचे ठरविले. रात्री दहा वाजता ज्याला फोन करता येतो तो माणूस याच गावातला असावा, हेही त्यात आलेच.

१० मे २०२५

बाबांना निर्णय सांगितला. त्यांचा पहिला प्रश्न लँडलाईनच्या क्रमांकाचा होता. ०२३३ ने सुरू होणारा हा क्रमांक नातेवाइकांना, बँकेला आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना पाठ आहे. जुन्या कंपनीचीच फायबर घेतली असती तर तो बहुधा टिकला असता. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "त्यावर आता फोन येतो तो फक्त विम्याच्या एजंटांचा. जाऊ दे." त्यांना वाईट वाटले हे मला दिसले. जुनी लाईन लगेच बंद करायची नाही, दोन महिने दोन्ही चालू ठेवायच्या, एवढे आज ठरले.

१७ मे २०२५

फायबर बसली. सकाळी साडेदहाला दोन मुले आली आणि दीडपर्यंत काम चालले.

तारा जोडण्याचे काम मी जवळ बसून पाहिले. मोठ्या मुलाने काळ्या केबलचे आवरण सोलून आतील काचेची तार मोकळी केली. ती केसाएवढी बारीक असते. वरचा रंगीत लेप चिमट्याने ओढून काढला, स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापडाने ती दोनदा पुसली आणि छोट्या कापणीयंत्रात ठेवून टोक सरळ तोडले. उरलेला तुकडा त्याने चिकटपट्टीवर घेऊन डबीत टाकला. तो पायात गेला तर सापडत नाही, म्हणाला. मग दोन्ही टोके जोडणीयंत्रात ठेवून झाकण लावले. यंत्राच्या पडद्यावर दोन जाड करड्या पट्ट्या समोरासमोर सरकत आल्या, क्षणभर थांबल्या, मध्ये ठिणगी पडली आणि दोन्हींची एक पट्टी झाली. खाली ०.०२ डीबी असा आकडा आला. सांध्यात वाया जाणारा प्रकाश तो इतकाच. शेवटी सांध्यावर नळी सरकवून ती गरम करून आवळली.

घरातील टोकाला पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजणारा मीटर लावल्यावर उणे २०.१ डीबीएम आले. ही पातळी उणे २७ च्या आसपास गेली की घरातील डब्याला सिग्नल ओळखता येत नाही, त्यामुळे उणे वीस चांगले. पण तार कपाटामागून नेऊन डबा भिंतीवर बसविल्यावर त्यावरचा लॉसचा, म्हणजे सिग्नल हरपल्याचा दिवा लाल लुकलुकू लागला आणि मीटरने उणे २६.८ दाखविले. ६.७ डीबीचा फरक म्हणजे प्रकाश पावणेपाच पटींनी कमी झाला होता. कपाट पुढे ओढून पाहिले तर तार कोपऱ्यात काटकोनात दबली होती. काचेची तार अशी मुडपली की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. साध्या फायबरला तीस मिलिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नये. कोपऱ्यात सैल वेटोळे ठेवून क्लिप मारल्या आणि आकडा पुन्हा उणे २०.१ वर आला. हा आकडा डब्याच्या बाजूला पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवला आहे. पुढे तक्रार करताना "नेट हळू आहे" असे सांगण्यापेक्षा "पातळी इतक्यावरून इतक्यावर आली" असे सांगता येईल.

जुन्या जाड भिंतींमुळे वायफाय वरच्या खोलीत नीट पोहोचत नाही. जिन्यावरून लॅन केबल ओढून घेतली. वेग दोन्हीकडे ५० एमबीपीएस मिळतो.

१८ मे २०२५

आज ईमेल अडला.

ईमेलसाठी मी संगणकावर थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरते. सकाळी आलेली पत्रे नेहमीप्रमाणे उतरली, पण उत्तर पाठविले तर एक मिनिट फिरून "सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही" असा निरोप आला. नवीन इंटरनेट बिघडले असे मानून मी डबा दोनदा बंद करून चालू केला, आणि तो माझा अर्धा तास वाया गेला, कारण इंटरनेट उत्तम चालत होते.

दुपारी शांतपणे एकेक गोष्ट तपासली. पत्र येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगळा असतो हे मला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ आज नीट समजला. माझ्या थंडरबर्डमध्ये बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी जुन्या कंपनीचा सर्व्हर आणि पोर्ट २५ भरलेले होते. पोर्ट २५ हा मुळात एका मेल सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला पत्र देण्याचा दरवाजा आहे. व्हायरस शिरलेले घरगुती संगणक याच दरवाजाने लाखो स्पॅम पत्रे पाठवू लागल्यामुळे जगभरातील अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवरून तो बंद ठेवतात. नव्या कंपनीनेही तो बंद ठेवला आहे आणि मला ते योग्य वाटते. घरातील संगणकाने पत्र द्यायचा दरवाजा वेगळा आहे, पोर्ट ५८७ किंवा ४६५. तिथे आधी नाव आणि पासवर्ड दाखवावा लागतो.

टेलनेट या जोडणी तपासायच्या साध्या प्रोग्रॅमने जुन्या कंपनीच्या सर्व्हरचा पोर्ट २५ ठोठावला. काहीच उत्तर नाही. ५८७ ठोठावला, तर लगेच २२० हा आकडा आला. "तयार आहे" असा त्याचा अर्थ. थंडरबर्डमध्ये पोर्ट बदलून पत्र पाठविले, आणि आता नकार आला, पण वेगळा. आकडा ५३५, म्हणजे ओळख पटली नाही. पासवर्ड बरोबर होता. त्याच पासवर्डने पत्रे उतरत होती. त्याच क्षणी जुन्या लाईनची केबल लावून पाठविले तर पत्र गेले.

निष्कर्ष असा, की जुनी कंपनी पत्र बाहेर पाठवू देते ती फक्त तिच्याच लाईनवरून. आमचा पत्ता आमच्या नावाचा असला तरी तो त्या तांब्याच्या तारेला बांधलेला आहे. सोळा वर्षे हे आम्हाला जाणवले नाही, कारण सोळा वर्षांत आम्ही लाईन बदललीच नव्हती.

१९ मे २०२५

जुन्या कंपनीच्या मदत क्रमांकावर चौकशी केली. लाईन परत केल्यावर ईमेल पत्ता किती दिवस चालू राहील, या प्रश्नाला पहिल्या वेळी "त्याच दिवशी बंद", दुसऱ्या वेळी "तीस दिवस" आणि तिसऱ्या वेळी "त्याचा लाईनशी संबंध नाही" अशी उत्तरे मिळाली. लेखी उत्तर मागितले, ते मिळाले नाही. आपण पहिलेच उत्तर खरे धरून चालायचे.

२२ मे २०२५

यंदा मे महिन्यातच पावसाळ्यासारखा पाऊस लागला आहे. काल रात्रीपासून तांब्याची लाईन पूर्ण बंद आहे. पत्रे नव्या लाईनवरून येतात, पण जात नाहीत. आज छापखान्याला फाईल द्यायची होती, ती पेनड्राईव्हवर घालून छत्री घेऊन स्वतः नेऊन दिली.

२५ मे २०२५

नवा पत्ता कसा असावा, हा या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे असे आता मला वाटते, आणि फायबर निवडण्यापेक्षा त्याला जास्त वेळ दिला.

नव्या फायबर कंपनीचा ईमेल पत्ता घेण्याचा प्रश्नच नव्हता. तीच चूक पुन्हा करण्यासारखे ते झाले असते. पुण्याहून भाच्याचा फोन आला, तो म्हणाला, "आत्या, जीमेलच घे ना, सगळे तेच करतात." त्याचे म्हणणे बरोबर आहे. जीमेलचा पत्ता कोणत्याही लाईनला बांधलेला नाही, १५ जीबी जागा फुकट मिळते आणि बहुतेक घरांना तेवढे पुरेसे आहे. माझे मत वेगळे पडले ते माझ्या व्यवसायामुळे. छापील पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, बिलावर आणि पत्रमथळ्यावर माझा पत्ता जातो आणि पुस्तक वीस वर्षे लोकांच्या घरी राहते. तो पत्ता कोणत्याच कंपनीच्या नावावर संपू नये, अशी माझी इच्छा आहे. म्हणून घराच्या नावाचे डॉट इन डोमेन, म्हणजे पत्त्यातील @ च्या पुढचे स्वतःचे नाव, घ्यायचे आणि त्यावर माझा व बाबांचा असे दोन मेलबॉक्स एका मेल सेवा देणाऱ्या कंपनीकडे पैसे देऊन ठेवायचे ठरले. उद्या ती कंपनी आवडली नाही तर मेलबॉक्स दुसरीकडे नेता येतील आणि पत्ता तोच राहील.

घरातल्याच संगणकावर मेल सर्व्हर चालवावा, असाही एक विचार मनात आला होता. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता पाहिला, तो १०० ने सुरू होतो आणि पुढील राखीव टप्प्यात बसतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणजे एका खऱ्या पत्त्यामागे आमच्यासारखी अनेक घरे आहेत आणि बाहेरून कोणालाही आमच्या संगणकापर्यंत येता येणार नाही. पत्र आत येणार नाही आणि पोर्ट २५ बंद असल्यामुळे बाहेरही जाणार नाही. तो विचार सोडला.

डोमेनची जोखीमही लिहून ठेवते. नूतनीकरण चुकले तर काही काळाने ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि मग बाबांच्या बँकेची पत्रे त्या माणसाकडे जातील. म्हणून पाच वर्षांचे पैसे एकदम भरले आणि आपोआप नूतनीकरण चालू ठेवले. डोमेनच्या खात्याशी जोडलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा ठेवला नाही, त्यासाठी एक जीमेल खाते उघडले. डोमेन बंद पडले तर त्याबद्दलची सूचना बंद पडलेल्याच पत्त्यावर येईल, हे टाळले पाहिजे.

२९ मे २०२५

डोमेनच्या नोंदी भरल्या. पत्रे कोणत्या सर्व्हरवर आणून द्यायची हे एमएक्स नोंदीत सांगायचे असते. आमच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे हे एसपीएफमध्ये येते, प्रत्येक पत्रावरील डिजिटल सही तपासायची किल्ली डीकेआयएममध्ये, आणि या दोन्ही परीक्षांत पत्र नापास झाले तर काय करायचे ते डीमार्कमध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठविणाऱ्या प्रत्येकासाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी आवश्यक केले आहे, त्यामुळे हे भरल्याशिवाय गत्यंतर नाही.

थंडरबर्डमध्ये येणाऱ्या पत्रांसाठी आयमॅप, म्हणजे पत्रे सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत, पोर्ट ९९३. जाणाऱ्यांसाठी पोर्ट ५८७. पहिले पत्र बाबांना पाठविले आणि ते शेजारच्या खोलीत पोहोचले.

१ जून २०२५

कोल्हापूरच्या छापखान्यातून फोन आला. "ताई, तुमची फाईल आली नाही म्हणून शोधत होतो, तर स्पॅममध्ये सापडली." त्यांचा पत्ता जीमेलवर आहे. मीही माझ्या जीमेलला पत्र पाठवून "मूळ संदेश दाखवा" उघडले. डीकेआयएम उत्तीर्ण, पण एसपीएफपुढे कायमची त्रुटी.

शोधायला दोन तास लागले. डोमेन विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या मेल सेवेसाठी एक एसपीएफ नोंद आधीच घालून ठेवली होती आणि मी मेल सेवेची दुसरी तिच्याखाली जोडली. मला वाटले, दोन नोंदी म्हणजे दोन्हींना परवानगी. नियम असा आहे की एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असली पाहिजे. दोन असतील तर तपासणारा सर्व्हर कोणतीच मानत नाही. जुनी काढून टाकली. नोंदीचे आयुष्य ३६०० सेकंद असल्यामुळे तासभर वाट पाहिली आणि पुन्हा पाठविले. तिन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि छापखान्यातूनही पत्र थेट इनबॉक्समध्ये आल्याचे कळले.

८ जून २०२५

अकरा वर्षांची जुनी पत्रे माझ्या संगणकावरच होती, कारण जुने खाते पॉप पद्धतीचे होते; पत्र उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून पुसायचे. एकूण ६.२ जीबी, एकेचाळीस हजारांवर पत्रे. ती थंडरबर्डमध्येच जुन्या फोल्डरांतून नव्या आयमॅप खात्याच्या फोल्डरांत ओढली. ५० एमबीपीएसच्या हिशेबाने वीस मिनिटेही लागू नयेत, पण प्रत्येक पत्र स्वतंत्रपणे जाते आणि सर्व्हरची पोच आल्यावरच पुढचे निघते, म्हणून काम रात्रभर चालले. एका वेळी एक वर्ष असे ओढावे आणि दोन्हीकडचा आकडा जुळला की मगच पुढचे घ्यावे. २०१७ मध्ये अकरा पत्रे कमी भरली, ती पुन्हा ओढली.

हे करताना जुनी पत्रे उघडली गेली. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये थेट मजकूर चिकटवून लेखकांनी पाठविलेली काही पत्रे आता निव्वळ चिन्हे दाखवितात. तो फॉन्ट निवडला की मराठी पुन्हा उमटते. त्यांपैकी दोन लेखक आता हयात नाहीत. ती पत्रे युनिकोडमध्ये करून वेगळी ठेवली.

१९ जून २०२५

सर्वांत वेळखाऊ टप्पा, म्हणजे नवा पत्ता सगळीकडे कळविणे. बाबांबरोबर बसून वहीत यादी केली तेव्हा ३७ ठिकाणे निघाली. बँका, पेन्शन, विमा, प्राप्तिकर, महावितरण, गॅस, पोस्टातील योजना, रुग्णालयाच्या तपासण्यांचे अहवाल. काही ठिकाणी पत्ता बदलण्यासाठी येणारा ओटीपी जुन्याच पत्त्यावर येतो. याचा अर्थ जुना मेलबॉक्स जिवंत असतानाच हे काम संपले पाहिजे, आणि लाईन आधी परत केली असती तर बाबांना प्रत्येक कार्यालयात जाऊन अर्ज द्यावे लागले असते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना ते कसे झेपले असते? कोणी विचारले तर या सगळ्या नोंदींतील ही एक गोष्ट मी आधी सांगेन.

प्राप्तिकराच्या विवरणपत्राची मुदत यंदा ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर झाली आहे, त्यामुळे तिथला पत्ता आधी बदलून मग विवरणपत्र भरता येईल. २२ ठिकाणे झाली.

२७ जून २०२५

दुपारी चारला लॉसचा दिवा लाल. रस्त्याच्या खोदकामात जेसीबीने तार तोडली. केबलवाल्यांना फोन केला. त्यांची मुले तिथेच होती.

संध्याकाळी एक पुस्तक जायचे होते. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला, संगणक त्याला जोडला आणि थंडरबर्डमध्ये काहीही न बदलता पत्र पाठविले. पोर्ट ५८७, तोच पासवर्ड, तोच पत्ता. वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या जाळ्यावरून ते पहिल्याच वेळी गेले. महिन्यापूर्वी याच प्रसंगी मी छत्री आणि पेनड्राईव्ह घेऊन निघाले होते. आज इंटरनेट बंद असूनही काम अडले नाही, याचे मला मनापासून समाधान वाटले.

रात्री साडेनऊला तार जोडली गेली. पातळी उणे २०.६. दुरुस्तीनंतर अर्धा डीबी गेला, चालेल.

५ जुलै २०२५

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला. घराच्या इन्व्हर्टरवर वीज जाताना क्षणभर खंड पडतो आणि डबा पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. मोठी फाईल जात असताना तेवढे पुरे असते. डबा तळमजल्यावर लावला होता, तोही आज वर हलवून घेतला. पहिल्या दिवशीच तो वर लावायला हवा होता.

१५ जुलै २०२५

३७ पैकी ३७ ठिकाणे झाली. जुन्या मेलबॉक्समध्ये गेल्या दहा दिवसांत फक्त जाहिराती आल्या आहेत. बाबांनी लाईन परत करण्याचा अर्ज स्वतः लिहिला, मोडेम पिशवीत घातला आणि माझ्याबरोबर कार्यालयात आले. पोचपावती घेतली, तिच्यावर शिक्का आणि तारीख आहे. अनामत परत यायची आहे.

२१ जुलै २०२५

आज नव्या पत्त्यावरून बाबांच्या जुन्या पत्त्यावर चाचणीचे पत्र पाठविले. दोन मिनिटांत ते परत आले, आकडा ५५०, असा मेलबॉक्स नाही. पाचने सुरू होणारा नकार कायमचा असतो. लाईन परत केल्यापासून सहा दिवस झाले आहेत.

बाबांनी परत आलेले पत्र छापून घ्यायला सांगितले आणि पोचपावतीला टाचून फायलीत लावले.